कस

कळमन्याच्या बाजारातून देवाजी निनावे
सायकलला पोतं बांधून येतात.
रसवाल्यांनी पिळून फेकलेली संत्र्याची सालं,
मृग बहराची, जाड, हाताचा वास दोन दिवस न जाणारी.
"घ्या ताई, तुमचं सोनं," म्हणतात,
आणि प्रयोगशाळेच्या दाराशी पोतं टेकवतात.

सोनं आमच्या घराला ठाऊक होतं, दुसऱ्यांचं.
बाबा इतवारीत सराफाच्या ओट्यावर
चाळीस वर्षं कस लावत बसले.
काळ्या दगडावर एक पिवळी रेघ,
तिच्यावर तेजाबाचा थेंब,
मग डोळे बारीक करून: "अठरा. बावीस नाही."
गिऱ्हाईक भांडायचं. दगड भांडत नसे.

त्यांना मी समजावलं,
पाण्यातून प्राणवायू सोडवायला इरिडियम लागतं,
सोन्यापेक्षा महाग, साऱ्या जगाचं वर्षाचं
एका ट्रकात मावेल एवढं.
"मंग?"
मग कोळसा, बाबा.
पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात गेला.
"कोळसा उगाळावा तितका काळाच, पोरी."

उगाळतेच आहे.
नऊशे अंशांवर, हवा लागू न देता भाजलेली सालं,
सोबत युरिया, म्हणजे कार्बनच्या जाळीत
कुठे कुठे नायट्रोजन येऊन बसतो,
मोहल्ल्यात नवा भाडेकरू यावा
आणि शेजाऱ्यांची भांडणं बदलावीत, तसा.
भट्टी चालते कोराडीच्या विजेवर,
म्हणजे पुन्हा कोळशावरच.
हे प्रबंधात कुठे लिहायचं, ते अजून ठरलं नाही.

मेचा दुसरा आठवडा. बाहेर शेहेचाळीस.
कूलरची टाकी कोरडी, वाळ्याचा नुसता वास.
पोटॅशच्या पाण्यात काळा ठिपका उतरवला
आणि ठिपक्याला बुडबुडे फुटले.
पडद्यावर आमची रेघ
इरिडियमच्या रेघेला जवळजवळ चिकटून चढली.
देवाजी वाकून बघत होते.
"हाच का वो तो प्राणवायू?
भावासाठी रात्रभर लाइनीत उभा होतो ना मी,
तोच हा?"
हो म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

खोब्रागडे मॅडम मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत.
"पाणी फुटून राहिलंय की तुझा कोळसाच जळून राहिलाय?
विचार त्याला."

विचारलं. घटातलं पाणी परीक्षानळीत,
बेरियमचे दोन थेंब.
हवेतलं थोडं उतरतंच, म्हणून शेजारी
न वापरलेलं पाणीही ठेवलं.
ते किंचित धुरकटलं.
आमचं दुधासारखं पांढरं झालं.

म्हणजे दुसऱ्याला श्वास सोडवून देताना
तो स्वतःलाही थोडा थोडा
देऊन टाकत होता.
आणि मी त्या रेघेची छपाई घरी नेली होती,
बाबांच्या उशाशी ठेवली होती.

परत आणायला गेले तर म्हणाले, "भुकटी आहे का जवळ?"
होती, पर्सच्या कप्प्यात, कुपीत.
त्यांनी पेटीतून दगड काढला,
चिमूटभर घेतली, अंगठ्याने दाबून ओढली.

काळ्यावर काळं.
दिव्याखाली धरलं, तिरपं केलं, सरळ केलं.
काहीच दिसलं नाही.
"याला माझा दगड नाही चालत," म्हणाले,
आणि कितीतरी वेळ अंगठा पुसत राहिले,
पुसला जात नव्हता.

परवा अकराशे अंशांवर भाजलेला नमुना लावला.
सत्तावीस तास झालेत.
बुडबुडे येताहेत, बारीक, एकसारखे.
बेरियमची बाटली टेबलावर आहे,
बूच लावलेली.
देवाजी विचारतात, "टाकू का थेंब?"
थांबा, म्हणते मी,
अजून थोडं.